प्रोफेसर केळफा आणि सत्यवादी हरिश्चंद्र

ढुंढिराज हे आपल्या गणरायाचेच एक नाव. तेच नाव घेऊन ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला एका शास्त्र्यांच्या घरी मुलगा जन्माला आला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण सारे त्यांना ओळखतो. मला मात्र त्यांचे चरित्र वेगळ्या कारणाने जवळचे वाटते. फोटो कुठपर्यंत खरा आणि हातचलाखी कुठून सुरू, हा आज घरोघरी पडणारा प्रश्न या माणसाने शंभर वर्षांपूर्वी आपल्या कामातून सोडवला होता.

१८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असे मिळेल ते शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो, अशा अफवांचाही त्यांच्या धंद्याला फटका बसला. याच उमेदवारीच्या वर्षांत ते जादू शिकले. आपलेच आडनाव उलटे वाचून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने त्यांनी प्रयोग केले.

१९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली. काम फोटो काढण्याचे आणि आराखडे करण्याचे. तिथे जादू चालणार नव्हती. जुन्या देवळाच्या भिंतीला तडा असेल, तर फोटोत तो तडा तेवढाच दिसला पाहिजे. आम्हा रेल्वेवाल्यांना हे सांगायला नको. रुळाच्या तड्याचा फोटो घेताना आम्ही शेजारी मोजपट्टी ठेवतो, कारण त्या फोटोच्या भरवशावर गाडी सोडायची की थांबवायची हे ठरते. एकदा एका ठेकेदाराने दोन नाल्यांच्या सफाईचे म्हणून एकाच नाल्याचे फोटो दोन बाजूंनी काढून दिले होते. काठावरच्या वाकड्या बाभळीने त्याचे बिंग फोडले!

असो. फाळके यांनी ती सरकारी नोकरी सोडली आणि छपाईच्या धंद्यात पडले. १९१० च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांनी काय करावे? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी चित्रे घेत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. यातले प्रत्येक चित्र अस्सल होते, पण वेल असा सरसर वाढताना कोणी कधी पाहिला नव्हता. मग हे खरे की खोटे? माझ्या मते खरेच. डोळ्यांना न दिसणारे सत्य त्यांनी युक्तीने दाखवले.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने ती केली. घरची आघाडी सरस्वतीबाईंनी सांभाळली. मंडळींचा स्वयंपाक आणि फिल्मला भोके पाडणे, दोन्ही कामे त्या करत. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची कथा, आणि ती सांगायला कॅमेऱ्याच्या युक्त्या! १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. तरीही लोकांनी पडद्यावरच्या रामाला हात जोडले.

तर मग ही फसवणूक झाली का? याचे उत्तर फाळके यांच्याच चित्रपटांत आहे. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ही मुलगी साध्या रूपात येते, चेहऱ्यावरचे नाना भाव करून दाखवते, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारी फिल्मही त्यांनी काढली. रंगमंचावरचा जादूगार जादूगार म्हणूनच उभा राहतो, तसा हा प्रकार. युक्ती उघड असेल तर ती कला, आणि पुरावा म्हणून पुढे केली तर ती लबाडी. पुरातत्त्व खात्याचा फोटो आणि कृष्णाचा चित्रपट एकाच माणसाच्या हातून झाले, पण त्याने त्यांची सरमिसळ केली नाही.

पुढे बोलपट आले. १९३७ च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांचे दिवस मंदावले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

आज मोबाईलवर कोणालाही प्रोफेसर केळफा होता येते. संगणक तर न घडलेल्या प्रसंगाचाही फोटो बनवून देतो. रिछाईच्या आपल्या मंडळातल्या उत्साही मुलांनी यंदा सुचवले, की आरतीच्या फोटोत गर्दी थोडी वाढवून छापू. मी म्हटले, देखाव्यात हवी तेवढी जादू करा, उंदीरमामाला आकाशात उडवा, लोक टाळ्याच देतील. पण स्मरणिका ही आपली नोंदवही आहे. वीस वर्षांनी कोणी ती उघडेल आणि त्या आरतीला आपले वडील होते का, हे शोधेल. मुलांनी ऐकले. या अंकातल्या फोटोत जेवढी डोकी दिसतात, तेवढीच त्या संध्याकाळी होती.

गणपती बाप्पा मोरया!