सीताराम केशव बोले
रावबहादूर सीताराम केशव बोले हे मुंबई इलाख्यातील समाजसुधारक, कामगारांचे कार्यकर्ते आणि मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांचाही हक्क आहे, हे तत्त्व सरकारी धोरणात आणणारा 'बोले ठराव' त्यांच्या नावाने ओळखला जातो.

बोले भंडारी समाजातील होते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा भरलेल्या सत्कारसभेचे ते अध्यक्ष होते. कामगार हितवर्धक सभेच्या कार्यातही त्यांचा प्रमुख वाटा होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी विधिमंडळाने त्यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी त्यात शिफारस होती. सरकारने खात्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले. परंतु स्थानिक संस्थांवर सक्ती नव्हती. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी सवर्णांच्या विरोधामुळे अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते.

म्हणून बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव मांडला. पहिला ठराव न पाळणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांना सरकारी अनुदान देऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. अनुदान सर्वांच्या करातून येते, तेव्हा पाणीही सर्वांना मिळाले पाहिजे, हा या मागणीमागील विचार होता.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या महाड सत्याग्रहाला बोले ठरावाचाच आधार होता. चवदार तळ्याच्या दाव्यात १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मुंबईत दादर येथील एका रस्त्याला बोले यांचे नाव देण्यात आले आहे.