जळगावच्या केळ्यातून प्रतिद्रव्य निघतं, आणि त्याचं गणित होमी भाभांनी मांडलं होतं

रावेर, सावदा, यावल. या पट्ट्यातून आलेलं एक साधं केळं समोर ठेवा. केळ्यात पोटॅशियम असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या पोटॅशियमचा अगदी किंचित भाग किरणोत्सारी असतो आणि त्यातून तास-दोन तासांत एखादा पॉझिट्रॉन बाहेर पडतो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलटा भाऊ. वस्तुमान तेवढंच, विद्युतभार मात्र ऋणाऐवजी धन. यालाच म्हणतात प्रतिद्रव्य. हा पॉझिट्रॉन केळ्यातल्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही संपतात आणि मागे उरतात गॅमा किरण. (घाबरू नका, केळं खुशाल खा.)

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आले की काय काय होऊ शकतं, याचं एक महत्त्वाचं गणित १९३५ साली पंचविशीतल्या एका मुंबईकराने केलं. त्याचं नाव होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्टी, तुर्भ्याचं केंद्र आणि विमान अपघाताचे फॉरवर्ड आठवतात. हे गणित मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी घरात होमी जन्मले. वडील वकील. आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. त्यामुळे पोराचं भविष्य घरात ठरलेलंच होतं. इंग्लंडला जायचं, मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. १९२७ मध्ये होमी केंब्रिजला पोहोचलेही. पण तिथं गेल्यावर त्यांना भौतिकशास्त्राने पुरतं पकडलं. त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवलं की इंजिनिअरिंग हे आपलं काम नाही. वडिलांनी नकार दिला नाही, अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च करतो. १९३० मध्ये होमींनी पहिला वर्ग मिळवला आणि लगेच गणिताकडे वळले.

तिथं शिकवायला होते पॉल डिरॅक. आता हा माणूस इथं महत्त्वाचा आहे.

त्या काळात भौतिकशास्त्रात दोन मोठे सिद्धांत होते. प्रचंड वेगाने धावणाऱ्या वस्तूंसाठी आइन्स्टाइनची सापेक्षता आणि अणूच्या आतल्या जगासाठी क्वांटम. पण इलेक्ट्रॉन लहानही असतो आणि प्रचंड वेगानेही धावतो, त्याला दोन्ही लागू व्हायला हवेत. डिरॅकनी १९२८ मध्ये दोन्ही एका समीकरणात बसवले, तर भलतीच अडचण निघाली. नऊचं वर्गमूळ तीन येतं तसं उणे तीनही येतं ना? तशी इथंही इलेक्ट्रॉनची दोन प्रकारची उत्तरं आली आणि त्यातलं एक उणे ऊर्जेचं होतं. ते खोडून टाकता येईना. शेवटी १९३१ मध्ये डिरॅकनी सांगितलं की इलेक्ट्रॉनचा एक उलटा जोडीदार असला पाहिजे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांच्या फोटोत तो सापडला.

भाभा नेमके याच वेळी केंब्रिजमध्ये होते. त्यांनी प्रश्न घेतला तो असा: पॉझिट्रॉन हा फक्त धन भार असलेला वेगळा कण असेल, तर तो इलेक्ट्रॉनजवळून जाताना नुसती दिशा बदलेल. पण डिरॅक बरोबर असतील, तर आणखी एक वाट उघडी असते. दोघं एकमेकांना संपवतील आणि त्याच ऊर्जेतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी पुन्हा जन्मेल. बाहेरून बघणाऱ्याला दोन कण आले, दोन कण गेले एवढंच दिसणार. मग फरक ओळखायचा कसा? भाभांनी दोन्ही वाटा एकत्र धरून हिशोब केला आणि कोणत्या कोनात किती कण सापडतील ते सूत्रात मांडलं. म्हणजे डिरॅकच्या कल्पनेची परीक्षा घेता येईल असं माप तयार झालं. जग याला आज भाभा स्कॅटरिंग म्हणतं.

१९३८ मध्ये त्यांनी आणखी एक नेमकी गोष्ट हेरली. वैश्विक किरणांतले जड कण, ज्यांना आज म्युऑन म्हणतात, ते अल्पायुषी असतील, तर वेगामुळे त्यांचं घड्याळ हळू चाललेलं दिसायला हवं. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर तळहात पसरून उभे राहिलात, तर साधारण सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातो. हे कण काही किलोमीटर उंचावर तयार होतात आणि त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या जेमतेम बावीस दशलक्षांश भागाचा दहावा हिस्सा असतं. एवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही पाऊण किलोमीटर होत नाही. तरी ते जमिनीपर्यंत येतात, कारण आइन्स्टाइन बरोबर होते. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी हे मोजून दाखवलं.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीला भारतात आले आणि महायुद्ध सुरू झालं. परत जाता आलं नाही. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम सुरू केलं, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद आलं, १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी चालू झाली. देशाला हे सगळं मिळालं, पण त्याची किंमत त्यांच्यातल्या संशोधकाने मोजली. फायली आणि बैठकांत स्वतःचं गणित मागे पडत गेलं.

२४ जानेवारी १९६६. शास्त्रीजींच्या निधनाला तेरा दिवस झाले होते, त्याच दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी होता. व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेल्या भाभांचं एअर इंडियाचं विमान जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ पैकी कुणीही वाचलं नाही. पर्वत ओलांडला असा वैमानिकाचा गैरसमज झाला, असं चौकशीत निघालं. कटाच्या गोष्टी तेव्हापासून फिरतात, पुरावा मात्र पुढे आलेला नाही.

त्याच जिनिव्हाजवळ १९८९ मध्ये सर्न संस्थेने २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची टक्कर घडवणारं यंत्र सुरू केलं. केळीचा ट्रक भरला की आधी वजनकाट्यावर जातो, माल किती ते कळल्याशिवाय पुढचा हिशोब नाही. तसं या यंत्रात एकूण टकरी किती झाल्या ते आधी कळावं लागतं. त्यासाठी शास्त्रज्ञ भाभा स्कॅटरिंगच्या घटना मोजायचे, कारण त्या किती व्हायला हव्यात हे सूत्रातून नेमकं निघतं. ते यंत्र २००० मध्ये बंद झालं. जपानमधल्या सुकुबाच्या यंत्रावर ही मोजणी आजही चालते, आणि तिथल्या प्रयोगात भाभांनी उभारलेल्या मुंबईच्या संस्थेतले लोकही आहेत. प्रयोगशाळेत अशा प्रत्येक घटनेला थोडक्यात नुसतं भाभा म्हणतात.