बाबासाहेबांनी मांडलेला वतनाचा हिशेब

महूला १८९१ साली जन्मलेल्या परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. पण ते मोठे अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण पोराबाळांना सांगतच नाही. त्यांनी महार वतनाचा हिशेब मांडला. तुकडाभर जमीन अन् दारोदारची भाकरी, त्यासाठी सगळ्या घराने रात्रंदिवस राबायचं! १९२८ ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं, पास झालं नाही. १९३७ ला खोतीविरुद्धचं आणलं, तेही अडलं. बहुमत आपलं नव्हतं ना! म्हणूनच १९४७ ला त्यांनी मागितलं, की शेतजमीन सरकारी मालकीची हे घटनेतच लिहा, म्हणजे उद्याचं बहुमत ते सहज पुसणार नाही. मिळाली मार्गदर्शक तत्त्वं. ती कोर्टात मागता येत नाहीत. १९५६ ला महापरिनिर्वाण झालं तेव्हा वतन होतंच. ते गेलं १९५८ च्या कायद्याने.