श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : जीवन आणि विनोददृष्टी

मागील घटकात आपण गोगोल आणि चेकॉव्ह यांच्या उपहासकथांचा परिचय करून घेतला. मराठीत हे कार्य करणाऱ्या लेखकाचे जीवन आता पाहू.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. चेकॉव्ह पेशाने वैद्य, तर कोल्हटकर वकील होते. खामगाव आणि जळगाव जामोद येथे त्यांनी वकिली केली. सिंदी (मेघे) सारख्या गावातून शिकताना तुम्ही हे ध्यानात घ्या की, आधुनिक मराठी विनोदाचा पाया पुण्या-मुंबईपासून दूर, विदर्भात राहणाऱ्या या लेखकाने घातला.

१९१० मध्ये अठरा लेखांचा ‘सुदाम्याचे पोहे’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे ही संख्या बत्तीस झाली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या रूढींवर टीका करीत नाहीत, त्यांचा कैवार घेतात. त्या कैवारातूनच रूढींचा पोकळपणा उघडा पडतो. चेकॉव्हचा कारकून वरिष्ठाच्या अंगावर शिंक उडाल्याच्या धास्तीने प्राण सोडतो. तेथे भय सत्तेचे आहे, तर कोल्हटकरांच्या लेखनात ते लोकाचाराचे आहे.

राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

आता विचार करा : आज कोणत्या रूढीचा कैवार सुदाम्याने घेतला असता? तुमच्या परिसरातील एक उदाहरण वहीत लिहा.