सावेदादांनी टिपलेली, हरवलेली मुंबई

मुंबईतील वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचे खेळ झाले आणि पडद्यावरची हलती चित्रे भारतीयांनी प्रथमच पाहिली. ल्युमिए यांच्या या नव्या कलेने भारावून गेलेल्यांमध्ये सावेदादा या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हेही होते. १८६८ साली जन्मलेले सावेदादा व्यवसायाने छायाचित्रकार होते. केवळ पाहून समाधान न मानता त्यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून चलच्चित्रणाचा कॅमेरा मागविला.

१८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. त्या काळी भारतात फिल्म धुण्याची सोय नसल्याने ती लंडनला पाठवावी लागली. त्याच सुमारास त्यांनी माकडांच्या प्रशिक्षणाचेही चित्रण केले. केंब्रिजमध्ये 'सीनियर रँग्लर' होण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागतही सावेदादांच्या कॅमेऱ्याने टिपले. हे चित्रण भारतातील पहिला वृत्तपट मानले जाते. १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रीकरण केले. पुढे कॅमेरा बाजूला ठेवून त्यांनी गेईटी, म्हणजेच नंतरचे कॅपिटॉल, या नाट्यगृहाचे व्यवस्थापन सांभाळले.

यातील एकही चित्रफीत आज उपलब्ध नाही. हानी केवळ चित्रपटसृष्टीची नाही. ल्युमिए यांच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची १८९५ सालची फिल्म जपली गेली. त्यामुळे तत्कालीन फ्रेंच कामगार स्त्रियांचा पेहराव, त्यांची चालण्याची लकब, गर्दीतली सायकल, मध्येच आलेला कुत्रा हे सारे आजही पाहता येते. चित्रीकरण करणाऱ्याने मुद्दाम न टिपलेले हे तपशीलच इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाचे ठरतात. सावेदादांच्या कुस्तीभोवती जमलेल्या मुंबईकरांच्या पगड्या, धोतरे, अंगरखे, त्यांचे हावभाव, परांजपे यांच्या स्वागताला लोटलेली गर्दी हे सारे त्या फितींत होते. बखरी, दफ्तरे आणि वृत्तपत्रे जे सांगू शकत नाहीत, ते त्यांनी सांगितले असते.

त्या काळातील नायट्रेटच्या फिती सहज पेट घेत आणि काळाच्या ओघात कुजूनही जात. एका कुस्तीचे चित्रण जपून ठेवावे, असे तेव्हा कोणालाही वाटले नाही. सावेदादांचे निधन १९५८ मध्ये झाले. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना त्यानंतर सहा वर्षांनी, १९६४ साली झाली. भारतीय चलच्चित्राचा पाया घालणाऱ्या या मराठी माणसाचे नाव इतिहासात कायम राहिले. त्याने पाहिलेली मुंबई मात्र पडद्यावर पुन्हा दिसणे कठीण आहे. घरोघरी पेट्यांत पडून असलेल्या जुन्या फितींकडे रद्दी म्हणून पाहण्यापूर्वी एवढी एक गोष्ट आठवावी.