हायरम पर्सी मॅक्सिम

हायरम पर्सी मॅक्सिम (जन्म : २ सप्टेंबर १८६९, ब्रुकलिन, न्यू यॉर्क, मृत्यू : १७ फेब्रुवारी १९३६, ला हुंटा, कोलोरॅडो) हे अमेरिकन यंत्र अभियंते, संशोधक आणि लेखक होते. व्यापारीदृष्ट्या यशस्वी ठरलेला बंदुकीचा पहिला सायलेन्सर त्यांनी तयार केला. बाहेर पडणाऱ्या वायूची वाट बंद न करता त्याचा आवाज कमी करणे, हे या सायलेन्सरमागील सूत्र त्यांच्या कंपनीने पुढे अंतर्ज्वलन एंजिनांनाही लागू केले. अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी रेडिओचालकांच्या संस्थेचे ते सहसंस्थापक होते.

मोटारीच्या ज्या भागाला मराठीत सर्रास ‘सायलेन्सर’ म्हटले जाते, त्याचा पहिला शोध मात्र मॅक्सिम यांचा नव्हे. एंजिनाच्या निष्कास वायूचा आवाज दाबणाऱ्या उपकरणाचे अमेरिकन एकस्व (पेटंट) इंडियाना राज्यातील मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या बंधूंना १८९७ मध्येच मिळाले होते.

कुटुंब आणि शिक्षण

मॅक्सिम यांचे वडील सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी मॅक्सिम मशीनगनचा शोध लावला. काका हडसन मॅक्सिम हे स्फोटकांचे संशोधक होते. १८८१ मध्ये वडील युरोपला गेले आणि पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. आई लुईसा आणि मुले अमेरिकेत राहिली. त्यामुळे पर्सी यांचे पुढील आयुष्य वडिलांच्या सहवासाविना गेले. १८८६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील यांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले.

मोटारगाडीचे प्रयोग

शिक्षणानंतर मॅक्सिम मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे तोफगोळे बनविणाऱ्या कारखान्यात काम करू लागले. १८९२ च्या सुमारास, रात्री सायकलवरून घरी परतताना, स्वयंचलित वाहनाची कल्पना त्यांच्या मनात आली. पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनांविषयी त्यांना तेव्हा फारशी माहिती नव्हती. तोफेच्या रिकाम्या पुंगळीत पेट्रोलचे थेंब टाकून व ते पेटवून त्यांनी स्फोटाचा जोर अभ्यासला. त्यानंतर त्यांनी तीन सिलिंडरचे एंजिन बांधले आणि ते एका तीनचाकी सायकलला जोडले.

१८९५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्यांना आपल्या मोटार विभागात घेतले. ही कंपनी कोलंबिया सायकलींसाठी प्रसिद्ध होती. पेट्रोल एंजिनाचा खडखडाट, कंप आणि धूर ग्राहक सहन करणार नाहीत, असे कंपनीच्या चालकांचे मत होते. त्यामुळे पेट्रोलवर विश्वास असलेल्या मॅक्सिम यांना विजेवर चालणाऱ्या गाडीचे काम करावे लागले. १८९७ मध्ये कोलंबिया विद्युत गाडी लोकांसमोर आली. विजेची गाडी जवळजवळ निःशब्द होती, परंतु बॅटरीमुळे तिचा पल्ला मर्यादित होता. पेट्रोल गाडीचा पल्ला मोठा होता, पण ती गोंगाट करी. आवाज हा यंत्राच्या स्वीकाराआड येणारा दोष आहे, याचा अनुभव त्यांना असा प्रत्यक्ष कामातून आला.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह मेरीलँडचे माजी राज्यपाल विल्यम हॅमिल्टन यांची कन्या जोसेफिन यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती.

सायलेन्सरचा शोध

बंदूक झाडल्यावर गोळीमागून येणारा तप्त व दाबयुक्त वायू नळीच्या तोंडाशी एकदम प्रसरण पावतो आणि मोठा आवाज होतो. हा वायू सावकाश बाहेर सोडला तर आवाज घटेल, असा मॅक्सिम यांचा विचार होता. न्हाणीच्या टबातून निचरा होताना गरगर फिरणारे पाणी पाहून त्यांना उपाय सुचला, असे सांगितले जाते. वायूला भोवऱ्यासारखे फिरवल्यास त्याचा वेग घटतो, मात्र गोळीच्या सरळ मार्गात अडथळा येत नाही. या रचनेचे एकस्व त्यांना ३० मार्च १९०९ रोजी मिळाले. तिच्या उत्पादनासाठी त्यांनी हार्टफर्ड येथे कंपनी स्थापन केली. पुढे ती मॅक्सिम सायलेन्सर कंपनी या नावाने ओळखली गेली.

बंदुकीच्या सायलेन्सरचा गुन्ह्यांसाठी उपयोग होईल, अशी भीती प्रारंभापासून व्यक्त झाली. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याने अमेरिकेत त्यावर २०० डॉलरचा कर बसवला. ही रक्कम उपकरणाच्या किमतीहून कितीतरी अधिक होती. दरम्यान कंपनीचा भर एंजिने, कंप्रेसर व इतर यंत्रांचा आवाज कमी करणाऱ्या उपकरणांकडे वळला होता. वडिलांनी शस्त्राची संहारशक्ती वाढवली, तर मुलाचे नाव अखेरीस कारखान्यांतील शांततेशी जोडले गेले.

हौशी रेडिओ

१९१४ मध्ये हार्टफर्डहून सुमारे ४० किलोमीटरवरील स्प्रिंगफील्ड येथे बिनतारी संदेश पाठवताना मॅक्सिम यांना थेट संपर्क साधता आला नाही. मधल्या विंडसर लॉक्स गावातील एका हौशी चालकाने तो संदेश पुढे पोहोचवला. यावरून, असे चालक साखळीने जोडल्यास संदेश देशभर नेता येतील, हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षी क्लॅरेन्स टस्का यांच्यासह त्यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीगची स्थापना केली. १९१५ च्या डिसेंबरमध्ये संस्थेचे क्यूएसटी हे मासिक सुरू झाले.

पहिल्या महायुद्धात हौशी केंद्रे बंद करण्यात आली. युद्धानंतर रेडिओवर नौदलाचे कायमस्वरूपी नियंत्रण आणण्याच्या प्रस्तावाला मॅक्सिम यांनी काँग्रेसच्या समितीपुढे विरोध केला. तो प्रस्ताव बारगळला आणि १९१९ मध्ये हौशी प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले. १९२५ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचे ते पहिले अध्यक्ष होते. डब्ल्यू१एडब्ल्यू हे त्यांचे संकेतनाम आज लीगच्या केंद्राला दिलेले आहे.

लेखन व मृत्यू

१९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रपटकारांची अमॅच्युअर सिनेमा लीग ही संस्था स्थापन केली. वडिलांच्या विक्षिप्त व विनोदी आठवणी सांगणारे ‘अ जीनियस इन द फॅमिली’ हे पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारित ‘सो गोज माय लव्ह’ हा चित्रपट १९४६ मध्ये आला. ‘हॉर्सलेस कॅरेज डेज’ या पुस्तकात मोटारीच्या आरंभकाळाचे वर्णन आहे. फेब्रुवारी १९३६ मध्ये रेल्वेने प्रवास करीत असताना ते आजारी पडले आणि ला हुंटा येथे त्यांचे निधन झाले.

सहा सिलिंडरची एंजिने आणि सायलेन्सरची निवड

मॅक्सिम यांनी हाताळलेला प्रश्न मोटारीची मूळ निष्कास यंत्रणा बदलून बाजारातील दुसरी बसवताना आजही उभा राहतो. वायू अडकला तर एंजिनाची शक्ती घटते आणि मोकाट सुटला तर आवाज वाढतो. चार धावांच्या सहा सिलिंडर एंजिनात क्रँकशाफ्टच्या दर १२० अंशांना एका सिलिंडरमधून वायूचा झोत बाहेर पडतो. सरळ रांगेतील सहा सिलिंडरचा प्रज्वलनक्रम सहसा १-५-३-६-२-४ असतो. पुढील तीन सिलिंडरच्या नळ्या एकत्र आणि मागील तीनच्या एकत्र जोडल्यास प्रत्येक गटात दोन झोतांमध्ये २४० अंशांचे समान अंतर राहते. त्यामुळे एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या वाटेत फारसा येत नाही. अशा एंजिनांवर तीन-तीन नळ्यांचे दोन संच दिसतात, त्याचे कारण हेच होय.

सायलेन्सरचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये वायू वळणे घेत जातो आणि ध्वनिलहरी परावर्तित होऊन एकमेकींना क्षीण करतात. यात आवाज चांगला घटतो, पण वायूला रोध अधिक होतो. सरळ नळीच्या सायलेन्सरमध्ये छिद्रे असलेल्या नळीभोवती काचतंतूंसारखा ध्वनिशोषक पदार्थ भरलेला असतो. यात रोध कमी, पण आवाज तुलनेने अधिक असतो. जरुरीपेक्षा रुंद नळी घेतल्यास वायूचा वेग कमी होतो आणि कमी फेऱ्यांवर गाडीची ओढ घटू शकते. केवळ आवाज मोठा झाला म्हणजे शक्ती वाढली, असे नसते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाही. कलम १९०(२) मध्ये ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्या वाहनासाठी शिक्षेची तरतूद आहे. नवी मुंबईत वाशीच्या परिवहन कार्यालयात नोंदवलेल्या, एमएच ४३ क्रमांकाच्या वाहनांनाही हेच नियम लागू होतात. नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकल्यास कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे प्रक्रियेविना हवेत मिसळतात. म्हणून कन्व्हर्टर व ऑक्सिजन संवेदक जागेवर ठेवून केवळ त्यांच्या पुढील भाग बदलला, तरी नवा सायलेन्सर ध्वनिमर्यादेत बसतो की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.