चिपच्या पाठीवर नसलेले नाव

अहिल्यानगरहून बीडकडे जाताना आष्टी तालुक्यातील कडा हे गाव लागते. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि अशा गावोगावच्या मुलांची संगणकाशी पहिली ओळख झाली. त्या पिढीतले संगणक आता अडगळीत गेले. कड्यासारख्या गावात एखाद्या माळ्यावर असा खोका अजून धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी त्याचे झाकण एकदा उघडून पाहावे. आतल्या प्रोसेसरच्या पाठीवर काही अक्षरे आणि आकडे दिसतात. ती त्या चिपची जन्मपत्रिका असते. ती वाचण्याचेही एक शास्त्र आहे. मात्र ज्या माणसामुळे ही चिप संभवली, त्याचे नाव त्या पाठीवर कुठेही सापडत नाही. तो माणूस म्हणजे रॉबर्ट नॉइस. २०२७ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष.

नॉइस यांचा जन्म १२ डिसेंबर १९२७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. चार भावांत रॉबर्ट तिसरे. बालपण ग्रिनेल या छोट्याशा गावात गेले. बाराव्या वर्षी भावाच्या मदतीने त्यांनी माणूस बसेल एवढे ग्लायडर बनवले आणि महाविद्यालयाच्या तबेल्याच्या छपरावरून ते उडवून पाहिले. कल्पना सुचली की ती हाताने करून बघायची, हा स्वभाव आयुष्यभर टिकला. महाविद्यालयात असताना मेजवानीसाठी एका शेतकऱ्याचे डुक्कर पळवल्याबद्दल त्यांना एका सत्रापुरते काढून टाकण्यात आले. शिक्षा याहून कठोर झाली असती, पण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. याच गेल यांनी बेल प्रयोगशाळेतून अगदी सुरुवातीचे ट्रान्झिस्टर मिळवले होते. आयोवातल्या त्या आडगावी नॉइस यांना ट्रान्झिस्टरचे वेड लागले ते असे.

एमआयटीतून १९५३ साली डॉक्टरेट मिळवून त्यांनी फिलाडेल्फियात फिल्को कंपनीत काम केले. १९५६ साली ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, विल्यम शॉकली यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत ते दाखल झाले. शॉकली यांना त्याच वर्षी नोबेल पुरस्कार मिळाला. पण त्यांचा संशयी स्वभाव सहकाऱ्यांना असह्य झाला. १९५७ साली आठ जण एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभारली. नॉइस त्यांचे नेते ठरले. पुढे सिलिकॉन व्हॅली म्हणून जगाला ठाऊक झालेल्या परिसराचा पाया या बंडाने घातला.

त्या काळी प्रत्येक ट्रान्झिस्टर सुटा करून पुन्हा तारांनी जोडावा लागे. जोड वाढले की बिघाडही वाढत. १९५८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर संपूर्ण मंडल साकारून दाखवले. पण त्यातले भाग बारीक तारांनीच जोडलेले होते. फेअरचाइल्डमध्ये ज्याँ हर्नी यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचे संरक्षक कवच राखण्याची पद्धत शोधली होती. त्या कवचावरच धातूचा पातळ थर देऊन जोडण्या कराव्यात, म्हणजे सुट्या तारांची गरजच उरणार नाही, हे नॉइस यांनी जानेवारी १९५९ मध्ये आपल्या वहीत नोंदवले. एप्रिल १९६१ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे हा वाद न्यायालयात रंगला आणि १९६९ साली निकाल नॉइस यांच्या बाजूने लागला. तरीही इतिहासाने हे श्रेय दोघांत वाटून दिले आणि ते योग्यच होते.

जुलै १९६८ मध्ये गॉर्डन मूर यांच्यासह नॉइस यांनी इंटेलची स्थापना केली. आरंभी कंपनी मेमरी चिप बनवत असे. १९६९ साली बिझिकॉम ही जपानी गणनयंत्र कंपनी अनेक निरनिराळ्या चिप बनवून घेण्यासाठी आली. त्याऐवजी सूचनांनुसार कोणतेही काम करू शकेल अशी एकच मध्यवर्ती चिप बनवावी, असे टेड हॉफ यांना वाटत होते. तरुण कंपनीला हा उपद्व्याप परवडणारा नव्हता, पण नॉइस यांनी हॉफ यांना पुढे जाऊ दिले. स्टॅन मॅझर यांनी आराखड्यात हातभार लावला. फेडेरिको फॅजिन यांनी मासातोशी शिमा यांच्या साहाय्याने तो प्रत्यक्षात आणला. बिझिकॉमला साठ हजार डॉलर परत करून इंटेलने ही चिप इतरांना विकण्याचा हक्क मिळवला. नोव्हेंबर १९७१ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टरांची ४००४ ही चिप बाजारात आली.

येथूनच चिप ओळखण्याचे शास्त्र सुरू होते. क्रमांकाआधी सी हे अक्षर असेल तर आवरण सिरॅमिकचे, पी असेल तर प्लास्टिकचे. पांढऱ्या सिरॅमिकवर राखाडी रेषा दिसणारी ४००४ ही आरंभीची. तिच्यासाठी संग्राहक मोठी किंमत मोजतात. ८०८८ च्या पिढीत पाहणारा हमखास फसतो. स्वामित्वहक्काच्या खुणेजवळचे वर्ष हे आराखड्याचे असते, उत्पादनाचे नव्हे. शिवाय एएमडीसारख्या कंपन्या परवान्याने हीच चिप बनवत, त्यामुळे आराखडा एकाचा आणि कारखाना दुसऱ्याचा असे घडते. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये ३२ बिटी गुणाकाराचा दोष आढळला, तेव्हा १९८७ साली तपासून निर्दोष ठरलेल्या चिपवर दोन सिग्मा छापले गेले. उरलेल्या केवळ १६ बिटी कामापुरत्या असल्याचा शिक्का घेऊन विकल्या गेल्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन चिपांत खरे उत्तर देणारी कोणती, हे सांगणारी खूण एवढीच.

१९९३ च्या पेंटियममध्ये, ज्याच्या निर्मितीत पुण्यात जन्मलेले विनोद धाम आघाडीवर होते, भागाकाराचा दोष १९९४ साली उघड झाला आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. तो प्रसंग पाहायला नॉइस उरले नव्हते.

इंटेलमध्ये त्यांनी वरिष्ठांसाठी राखीव वाहनतळ किंवा वेगळे भोजनगृह ठेवले नाही. कोणीही त्यांच्याशी थेट बोलू शके. स्टीव्ह जॉब्ज यांच्यासारख्या तरुण उद्योजकांना त्यांनी आपुलकीने मार्गदर्शन केले. पण हा माणूस निर्दोष नव्हता. अप्रिय निर्णय घेण्याचे ते टाळत आणि कठोर कामे अँडी ग्रोव्ह यांच्यावर सोपवत. पहिला विवाह १९७४ मध्ये संपला. १९८८ साली जपानशी स्पर्धेत मागे पडलेल्या अमेरिकी चिप उद्योगासाठी त्यांनी ऑस्टिन येथे सेमाटेक या संस्थेची धुरा स्वीकारली. तेथेच ३ जून १९९० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने, बासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. किल्बी यांना २००० साली नोबेल मिळाले. हा पुरस्कार मरणोत्तर दिला जात नाही, म्हणून नॉइस त्याला मुकले.

४००४ च्या सिलिकॉनवर, एका कडेला, फॅजिन यांनी आपली आद्याक्षरे कोरून ठेवली आहेत. पुढे त्यांच्या श्रेयाचा प्रश्न निघाला तेव्हा ती अक्षरे मूक साक्षीदार ठरली. नॉइस यांनी अशी कोणतीही खूण मागे ठेवली नाही. त्यांची सही शोधायची तर ती त्या धातूच्या पातळ जोडण्यांतच शोधावी लागते. आज जुन्या सिरॅमिक चिपा त्यांच्यातल्या किंचितशा सोन्यासाठी आम्लात विरघळवल्या जातात. सोने हाती येते आणि एका काळाची नोंद कायमची पुसली जाते. म्हणूनच माळ्यावरचा तो खोका भंगारात देण्यापूर्वी चिपच्या पाठीवरचा मजकूर एकदा वाचावा, कागदावर उतरवून ठेवावा.